पेट्यांची संख्या

क्रान्यच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
तादेयनं फळ्यावर चौकटी काढल्या
आणि पेन माझ्याकडे फेकलं: "आता तू निवड."

फॉर्म मधपाळांचा.
मालक, मालकाची ठाणी, ठाण्यातल्या पेट्या,
पेटीतली राणी, राणीचं वय;
फांदीला फांदी फुटतच जाणार.
इथे कंपोझिट, मी म्हणाले. पान असो की अख्खं झाड,
एकाच नावानं हाक मारायची.
त्यावर वाद झाला नाही.

वाद झाला एकमेकांवर नजर ठेवणाऱ्या रकान्यांवरून.
"पेट्या हलवल्या का?" ला कुणी हो म्हटलं
की "कुठे?" नं डोळे उघडायला हवेत.
ऑब्झर्व्हर, मी म्हणाले.
"सगळेच सगळ्यांकडे बघत बसले
तर कुणी कुणाला जागं केलं
हे रात्री दोन वाजता तू शोधणार?"
त्याला मध्ये एक मुकादम हवा होता,
सगळी कुजबुज त्याच्याच कानावरून जावी.
दोन दिवस भांडलो.
कॉफीचे पैसे माझे गेले, मुकादम त्याचा आला.

मग चाचणीसाठी सिरिल ओब्लाक आले,
टोपी मांडीवर ठेवून बसले.
एका बोटानं नाव टंकलं.
ठाण्याचा क्रमांक त्यांना पाठ होता.
पेट्यांची संख्या:
बोट थांबलं.
मग शून्य.

मुकादमानं काम चोख केलं.
राणी गेली, राणीचं वय गेलं, मध गेला, औषधं गेली,
रकाने इतके झरझर मिटले
की मला क्षणभर अभिमानच वाटला.
पडद्यावर उरलं:
भरण्यासारखं काही नाही. धन्यवाद.

ते बघत राहिले.
"अठ्ठावीस होत्या. फेब्रुवारीत उघडल्या
तर तळाशी मूठमूठ. पिसानं झाडून काढल्या.
पेट्या आहेत अजून, धुऊन ठेवल्यात,
दर्शनी फळ्या वडिलांनी रंगवलेल्या.
या तुमच्या फॉर्मात
मी आहे की नाही?"

तादेय फळ्याकडे बघू लागला.
मी वीसेक ठिकाणी लिहिलं होतं: नसेल तर वगळ.
नसेल तर वगळ.

त्या संध्याकाळी नल ऑब्जेक्ट घातला.
साधासा पॅटर्न, परीक्षेत दोन गुणांचा,
मी तो ऑप्शनला टाकलेला:
जिथे काही नाही तिथेही एक वस्तू ठेवायची,
हाक मारली तर ओ देणारी.

आता शून्य टंकलं तरी ठाणं मिटत नाही.
विचारतं, रिकाम्या पेट्या किती.
कधीपासून.
वसंतात नवा थवा घेणार का:
हो, नाही, अजून ठरलं नाही.

तादेय म्हणतो, तो तिसरा पर्याय
अहवालात कुठेच बसत नाही.
न बसू दे.
सिरिल ओब्लाकनी तोच निवडलाय,
आणि नंतर तीनदा येऊन
आहे ना जागेवर, ते पाहून गेलेत.