शून्य पूर्णांक काहीतरी

सुतळी शोधत होते, तू सापडलास.
चहाच्या डब्यामागे, हातरुमालात गुंडाळलेला.
मीच गुंडाळलं असणार,
यंत्राला असं तान्ह्यासारखं दुसरं कोण गुंडाळेल?
सेल बदलले. लगेच बोलायला लागलास,
जसं मधे काही घडलंच नाही.

तीन वर्षं माझ्या गळ्यात होतास.
उंबरठा, पन्हाळ, हिनाकोच्या बुटांचे तळ,
देवळाच्या पायरीवरचं शेवाळ –
दिसेल त्याच्या तोंडाशी तुला धरायचे
आणि श्वास रोखून वाचायचे:
शून्य पूर्णांक काहीतरी.
त्या 'काहीतरी'वर आमचा संसार चालायचा.
खिडक्यांना चिकटपट्टी. कपडे न्हाणीघरात वाळत.
वहीत तारीख, वार, वारा कुठून.

सासऱ्यांनी एकदा मळ्यातली काकडी आणली.
पहिलीच. धुऊन, पुसून.
कुनिहिको म्हणाला, अगं, काकडी आहे ती, काकडी.
मी ती त्याच्या ताटातून उचलून फेकली.
म्हाताऱ्याने फक्त टोपी घेतली
आणि अंधारात झाडांपाशी जाऊन उभा राहिला.

त्याच हिवाळ्यात गावाने पर्सिमनची झाडं धुतली.
पाण्याच्या फवाऱ्याने साल निघेस्तोवर.
उघडी खोडं बर्फात उभी, ओळीने,
आणि मी खिडकीच्या पट्टीआडून बघत होते,
मलाही कोणी तसं धुवावं म्हणून.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती.
पंधरा मार्चच्या संध्याकाळी
पाण्याच्या टँकरपाशी रांगेत होते, हिनाको पाठीवर.
बर्फ पडत होता.
तिने जीभ बाहेर काढली, आणि मी हसले.
हसले रे मी.
ते ढग कुठून आलेत, हे दुसऱ्या दिवशी कळलं.
त्यानंतर जे जे मोजलं
ते सगळं त्या एका जिभेसाठी.
तू खोटं कधीच बोलला नाहीस.
मीच तुला असलं काही विचारत होते
ज्याला तुझ्या पडद्यावर जागा नव्हती.

आरोग्यकेंद्रातल्या ओनुकीबाई आकडा विचारायच्या नाहीत.
विचारायच्या, काल दुपारी काय केलंत?
मोजलं.
आणि मग?
हे 'आणि मग' कुसळासारखं रुतून बसलं.
एका गुरुवारी टॉवेल बाहेर घातला, दहा मिनिटं.
दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं
तशी त्याच्यापाशी उभी.
पुढल्या खेपेला पाठ करून उभी.
मग कधीतरी विसरलेच;
रात्रभर दवात भिजला बिचारा,
आणि सकाळी तो पिळताना
मी किती वेळ रडले, ते मोजलं नाही.

थायरॉइडच्या तपासणीचं पत्र आलं
की अजून दोन दिवस घास उतरत नाही.
तिसऱ्या दिवशी उतरतो.
पूर्वी तिसरा दिवस नसायचा.

यंदा बर्फाचं तिला सांगून टाकलं.
सतरा वर्षांची आहे, माझ्याहून उंच.
आजोबांशेजारी बसून पर्सिमन सोलत होती;
साल तुटू न देता, एक लांब केशरी फीत.
ऐकून घेतलं. म्हणाली,
बर्फ नाही आठवत मला.
रांगेत तू अख्खा बीनचा पाव मला दिलास, ते आठवतं.
तुला भूक नव्हती का?

सासरे मान वर न करता म्हणाले, सुतळी कुठाय?

म्हणून उठले होते. म्हणून तू सापडलास.
आता ओसरीत दोरीला चाळीस फळं लटकलीत,
अजून डालगंभर बाकी आहेत,
आणि तू तिकडे कट्ट्यावर टिकटिकतोयस,
काही सांगायचं असल्यासारखा.

थांब जरा.
हात चिकट आहेत.