भाग क्रमांक एकशे चौदा

यादीत एक हजार एकशे सहा नावं.
त्यांतली मला चेहऱ्याने ठाऊक सहाशे,
दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखेन अशी आणखी दोनशे.
बाकीच्यांना शोधायला मी
अंगणवाडी सुटली की निघते.
कापडी पिशवीत फॉर्म, अंगठ्यासाठी शाईचा पॅड
आणि बिस्किटाचा पुडा,
पोरं दार लवकर उघडतात म्हणून.

प्रतीक्षानगर, संक्रमण शिबिर, इमारत टी बारा.
इथे पत्ता विचारला की माणसं आधी हसतात.
"कुठला सांगू? इथला, का गिरगावातला?"
गिरगावातली चाळ पाडून एकोणीस वर्षं झाली,
तिथे आता पत्रे आहेत, पत्र्यांमागे पिंपळ.
पण मुगभाटातल्या यादीत
दिगंबर परुळेकर अजून तिसऱ्या मजल्यावर राहतात.
दर खेपेला टॅक्सी करून जातात,
मत दिलं की पत्र्याला हात लावून परत.
"फॉर्म आठ भरा," मी म्हणते, "नाव इकडे घ्या."
ते चष्मा पुसत राहतात.
"इकडे आणलं, बाई, की मग
तिकडे आम्ही होतो हे कोण सांगणार?"
याला कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.

नूरजहाँ शिकलगार यादीत पुरुष आहे, वय एकशे चार.
ती स्वतःच बोट ठेवून दाखवते,
ओढणीत तोंड खुपसून हसते.
"नवऱ्याला म्हटलं, आता तू थाप भाकऱ्या."
यल्लप्पा मादरच्या नावापुढे फोटो दुसऱ्याच कुणाचा,
"माझ्यापेक्षा बरा आहे, राहू द्या की."
आणि प्रणिता खरात.
अठरा पुरी होतात बारा तारखेला,
हिशेब धरतात एक तारखेचा.
अकरा दिवसांनी हुकली.
खूप वेळ कॅलेंडरकडे बघत राहिली,
मग म्हणाली, द्या, चिठ्ठ्या मी वाटते.

शनिवारी पॅसेजमध्ये आम्ही यंत्र केलं.
बुटाचा खोका, बाटल्यांची निळी झाकणं,
प्रणिताने काढलेली चित्रं: किसणी, खलबत्ता, पोळपाट.
(खऱ्या पक्षाचं काही नको, मी दोनदा बजावलं होतं.)
आवाजासाठी प्लंबरचा सहा वर्षांचा सोहेल,
झाकण दाबलं की तो लांबलचक "टीं".
शेवंताबाई गेल्या तीन निवडणुकांना फिरकल्या नाहीत.
त्याआधी गेल्या तेव्हा आवाज आलाच नाही म्हणे,
किंवा आला आणि त्यांना ऐकू गेला नाही.
मागून रांग कुरकुरत होती.
त्या मत तिथेच टाकून आल्या,
देवळात चपला राहाव्यात तसं.
आज त्यांनी अकरा वेळा दाबलं,
अकरा वेळा सोहेल ओरडला.
शेवटी विचारलं, "मग? कोण आलं निवडून?"
"किसणी."
"बरं झालं. कामाची असते."

दिवेलागणीला मालतीबाई केणींकडे. फॉर्म सात.
कारण: मयत.
दाखला त्यांनी आधीच काढून ठेवलेला,
प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाखाली.
चहा ठेवला, गॅस बंद केला, पुन्हा लावला.
"नाव काढतात म्हणजे कसं? खोडतात?"
"नाही. नवीन यादीत छापत नाहीत."
त्यांनी कागद दिव्याखाली ओढला.
चारशे बारा, केणी भालचंद्र.
चारशे तेरा, केणी मालती.
"मग माझा नंबर एकाने वर सरकेल?"
"बहुतेक."
"म्हणजे यांच्या जागेवर मी."
मी काही बोलले नाही.
पेन चालेना, त्यांनी ते तळहातावर घासलं
आणि सही केली, शाळेत घालून दिल्यासारखी,
सावकाश, पूर्ण नावाने:
मालती भालचंद्र केणी.

जिन्यात दिवा नव्हता.
पिशवीत दोन बिस्किटं उरली होती, तीही मोडलेली.
खालून कुठूनतरी "टीं" आला,
मग आईचा धपाटा,
मग पुन्हा, जरा हळू, "टीं".