रेगमाल

सियागंजात दुकानदार विचारतो, कितने नंबर का?
एकतीस वर्षं मी नंबर दिले, बाबा,
म्हणजे गुण; इंदुरात गुणांना नंबरच म्हणतात,
आमच्या मराठी शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा.
मागायला मात्र कधी आले नव्हते.

म्हटलं, मूठ घासायची आहे. चाकूची. लाकडी.
त्यानं चार कागद मोजून सुरळी केली,
ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस, चारशे.
जितना नंबर ज़्यादा, उतना मुलायम, माताजी.
माताजी! बरं.
वर्गात काही असं दिसलं नव्हतं मला.

चाकू माझा नाही.
सातवी ब, शेवटून दुसरा बाक, उदय बिडवई
बाकाखाली जाम चिरत होता
(पुण्याची जाऊ पेरू म्हणते, तर पेरू),
मिठाची पुडी मांडीवर उघडी.
फळ्यावर गुणोत्तर-प्रमाण
आणि वर्गभर तो वास.
मी हात पुढे केला.
त्यानं पातं चड्डीला पुसलं, मग मिटलं, मग दिलं.
वडलांना घेऊन ये, तेव्हा मिळेल.
वडील आले नाहीत. तोही आला नाही मागायला.
जूनमध्ये हजेरीत नाव नव्हतं.

मग हा टेबलाचा खण, तो टेबलाचा खण,
शेवटी शिलाई मशिनचा.
सुतळ्या कापल्या, पेन्सिली तासल्या,
एकदा तर घाईत ब्लाउज उसवला त्यानंच.
परवा कुरिअर फोडताना
मुठीचं कुसळ तळव्यात शिरलं.
चष्मा लावून सुईनं काढलं.

आज पातं मिटून चिकटपट्टीनं बांधलंय,
गच्चीत कालचा पेपर पसरलाय.
ऐंशीनं सुरुवात. लाकडाच्या रेघेनं जायचं, आडवं नाही,
आडवा ओरखडा शेवटच्या कागदापर्यंत पुरतो,
असं खालचे फर्निचरवाले इस्माइलभाई सांगून गेलेत.
मळ निघतो. छत्तीस वर्षांचा.
हिशेब केला तर त्याचा एखाद-दोन वर्षांचा,
बाकी सगळा माझ्याच हाताचा.

खाली तांबूस शिसव, आणि त्यात
कंपासच्या टोकानं कोरलेलं
उ. बि.
हे मी पाहिलं नव्हतं?
की माझा अंगठा नेमका तिथेच यायचा?

आता एकशेवीसनं काय करावं?
अक्षर ठेवलं तर खळगा राहतो,
आणि मी तर गुळगुळीत करायला बसलेय.
घासलं. आधी टिंबं गेली, मग वेलांटी.
हात थांबला नाही, खरं तेच सांगते.
दोनशेवीस. ओल्या फडक्यानं पुसलं तर
लाकडाची लव उभी राहिली,
डिसेंबरात प्रार्थनेला उभ्या पोरांच्या हातावर राहते तशी.
वाळू दिलं. चारशे.
बोट कुठेच अडेना.

मग जवसाचं तेल, जुन्या पातळाचा बोळा.
थेंबच, जास्त नाही.
पितळी रिबिटा उजळल्या तिन्ही,
आणि तेल मुरता मुरता
काळसर होऊन वर आला उ,
थोड्या वेळानं ब,
रात्री दिव्याखाली वेलांटीसुद्धा.
बोटाला काही लागत नाही. नुसतं दिसतं.
इस्माइलभाई म्हणाले, दबी हुई लकड़ी तेल ज़्यादा पीती है.
आणि चहा संपवून गेले.

भाचीनं फोनवर शोधलं. उदय बिडवई, अकरा.
एक देवासचा, टक्कल पडलेला,
प्लास्टिकच्या सुरीनं केक कापतोय.
लिहू का त्याला, आत्या?
म्हटलं, तेल वाळू दे. तीन दिवस लागतात.

चौथ्या दिवशी जाम आणला, वाटीत जिरावण घेतलं.
घरात कुणी नव्हतं,
तरी चिरताना हात गेला टेबलाखालीच.
फोडी काही समप्रमाणात झाल्या नाहीत.