नकाशाचा कोपरा

वाचनालय म्हणजे बंबाच्या शेडला लागून एक खोली.
मंगळवार, गुरुवार,
आणि रस्ता उघडा असेल तर शनिवारी अर्धा दिवस.
लिअँडर पार्डी आला तेव्हा दोन वाजले होते.
टोपी काढली नाही. दाराशीच उभा राहून म्हणाला,
"व्हर्ना, मला उंदरांचं विष देतायत का गं?"

हातात बाटली. फिक्या गुलाबी गोळ्या.
हिवाळ्यापासून त्याचं काळीज ठोका चुकतं,
रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून
सेंट जॉन्सच्या डॉक्टरने दिलेल्या.
मेहुणा चेस्ली म्हणाला, विष.
शेजारीण म्हणाली, कोबी सोड, सलगमचा पाला सोड,
हिरवं म्हणून काही ताटात नको.
लसणाच्या कॅप्सूल कुणी सुचवल्या, ते त्याला आठवेना.
तीन दिवस त्याने गोळीच घेतली नव्हती.
हे सगळ्यात शेवटी सांगितलं,
खिडकीबाहेर धुक्याकडे बघत.

मी डॉक्टर नाही. हे मी आधी म्हणते, दर वेळी.
क्लिनिकचा नंबर फिरवला, फोन त्याच्या हातात दिला.
नर्स काय बोलली ते त्याच्या कानांवरून कळलं,
लाल झाले.
चार वाजता ये, रक्त तपासू.

मधले दोन तास आमचे.

चेस्लीचं म्हणणं लगेच सापडलं.
आणि ते खरं होतं.
ह्याच औषधाने एके काळी उंदीर मारलेत.
पण पान तिथे थांबत नव्हतं.
बोट खाली सरकवत गेलं की
एकोणपन्नास डॉलरची बाटली,
बाटलीशेजारी पांढरा कोट, कोटावर हसणारा चेहरा.
लिअँडर पुढे वाकला.
"आमिष ताजं आहे," म्हणाला, "म्हणूनच मासा गिळतो."

असंच एक पान माझ्या बहिणीने सात महिने वाचलं होतं,
तिच्या गाठीबद्दल.
त्यातली वाक्यं मला अजून पाठ आहेत.
म्हणून दाखवणार नाही.

दुसरं पान रुक्ष. चित्र नाही, हसू नाही.
तळाशी बारीक अक्षरात
कुणी लिहिलं, कुणी तपासलं, पैसे कुणाचे,
शेवटचं कधी सुधारलं.
वर लिहिलेलं : पाला सोडू नका,
दर आठवड्याला साधारण तेवढाच खा,
बदलायचं तर आधी विचारा,
गोळी मनाने थांबवू नका.
आणि एके ठिकाणी :
लसणाच्या अर्काबद्दल अजून नक्की सांगता येत नाही,
घेत असाल तर डॉक्टरांना कळवा.

तो इथे अडला.
"चेस्लीला सगळं माहीत असतं," म्हणाला.
"हे म्हणतात, सांगता येत नाही.
मग ह्यांच्यावर भरवसा कसा ठेवू?"

मला उत्तर सुचेना. खरंच सुचेना.
वीस वर्षं इथे बसून.

उठला तोच.
भिंतीवर खाडीचा जुना नकाशा आहे, कडा कुरतडलेल्या.
त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.
"हे बघ. कुणी मोजलं, कुठल्या साली.
दोरीला शिसं बांधून, हातावर हात.
आणि इथे, खडकाच्या पाठी, कोरं सोडलंय.
तिथे मोजलंच नाही कुणी.
कोरं सोडणाऱ्याला मी मानतो, व्हर्ना.
माझ्या बापाच्या वेळी एकाने अंदाजाने आकडा भरला.
सात वाव पाणी म्हणे.
त्या सात वावांवर 'मेरी बेल' फुटली."

मग खुर्ची ओढून बसला.
पानाचा तळ वाचला, ओठ हलवत, दोनदा.
भरती-ओहोटीच्या तक्त्यामागे पेन्सिलीने लिहिलं :
पाला किती?
चुकलेल्या गोळ्यांचं काय?
रक्त पुन्हा कधी मोजणार?
"मोजणार"खाली रेघ मारली.

पावणेचारला गेला.
बाहेर चेस्लीची गाडी, इंजिन चालू.
काचेतून ऐकू येत नव्हतं.
लिअँडर काहीतरी विचारत होता
आणि चेस्ली मान खाजवत होता, बराच वेळ.

मी खुर्ची जागेवर ठेवली, दिवे घालवले.
पडद्यावर पहिलं पान तसंच उघडं होतं.
अंधारात तो कोट
अजून हसत होता.