फिरकी

डबा केवढा, तर पावाच्या लादीएवढा.
बंद पडलेल्या जहाज-कचेरीच्या लिलावातला,
पाठीवर अजून नोंदीचा आकडा: एकशे बारा.
बोंदोनं तो बगलेत मारून आणला
पोती बंदराच्या मागच्या गल्लीतून,
पिशवी न घेता,
मोठा मासा आणावा तसा.

"याला बिनतारी कर," म्हणाला.
कारण तार येते शेजारच्या बाल्कनीतून,
स्वयंपाकघर ओलांडून,
आणि मंगळवारी त्सियाला तिच्यात अडखळली
घोमीच्या पातेल्यासकट.
मक्याची ती पांढरी लापशी
भिंतीवर अजून वाळते आहे.
गुडघ्याचं त्यानं नंतर सांगितलं.

मी आधी रेडिएटरला हात लावला,
बोटांतली वीज उतरावी म्हणून.
मग झाकण सरकवलं.
आत दाटी. पंख्यावर धुळीची लोकर.
हार्डडिस्कचं तबक उचललं, तर खाली ती खाच,
आठ वर्षं रिकामी,
वाट वगैरे न बघता नुसती असलेली.

कार्ड पोस्टाच्या तिकिटाएवढं.
तिरकं आत जातं, सोडलं की वर उसळतं.
बोटानं दाबून धरायचं आणि स्क्रू लावायचा.

स्क्रू नाही.

कुणी काढून घेतला, की कधी दिलाच नव्हता?
तिळाएवढा स्क्रू.
कानातल्याची फिरकी पडावी तसे
आम्ही तिघं फरशीवर ओणवे,
जो इथे हरवलाच नव्हता
तो शोधत.
त्सियालानं चष्म्याचा काढून आणला: बारीक.
बोंदोनं गजराच्या घड्याळाचा: ढोबळ.
शेवटी माझ्या मेलेल्या लॅपटॉपच्या पोटातला
दीड वेढ्यात बसला.

मग अँटेनाच्या तारा. एक काळी, एक करडी.
टोकाला सोनेरी टोपी,
मोहरीच्या दाण्यावर बसवायची.
"ते माझ्याकडे दे."
तेवीस वर्षं तो मालवाहू बोटींवर
बिनतारी खोलीत होता.
चाळीस मीटर तांब्याची तार
दोन डोलकाठ्यांत ताणायचा,
भर वाऱ्यात.
टोपी मोहरीवर टेकली. हात हलला. निसटली.
पुन्हा. निसटली.
मी छताचे पोपडे बघत राहिले.
त्सियाला एकदम भिंतीवरची लापशी खरवडायला लागली.
चौथ्यांदा त्यानं चिमटा मला दिला,
दिला म्हणजे टेबलावर ठेवला,
माझ्या बाजूला.

मी नखानं दाबलं. टक्.
दुसरी. टक्.

पडद्यावर अकरा नावं उमटली.
मी वाचत गेले: बेकरी. तिसरा मजला. मामुका दोन.
आम्हाला पासवर्ड विचारू नका.
"एवढे सगळे बोलतायत," बोंदो म्हणाला,
"आणि खरखर नाही?"

अँटेना आतच दुमडून झाकण लावलं.
नावं गेली. एक उरलं, तेही फिकट.
उघडलं: अकरा. लावलं: एक.
मी मेनू धुंडाळायला लागले, तर हा हसतोय.
"अगं, पत्र्याचा डबा तो. माझी खोलीही लोखंडाचीच होती.
कान बाहेर ठेवावे लागतात."

मागच्या पत्र्यावर बटणाएवढ्या दोन गोल खुणा होत्या,
अर्धवट कापून तशाच सोडलेल्या.
त्यानं त्यावर पेचकस टेकवला, हातोडी घेतली.
त्या कामाला थरथर चालते.
एक चकती बाहेर उडाली, दुसरी आत पडली,
मग डबा उपडा करून
त्यानं गुल्लक हलवावी तसा हलवला.

दोन शिंगं बाहेर आली, गोगलगाईला येतात तशी.
झाकण बंद. अकरा.
नाही, बारा. एक नाव आधी नव्हतं.

बोंदोनं तार कोपरावर गुंडाळली, खलाशासारखी,
वेढ्याला वेढा न चढवता,
आणि खिळ्याला टांगली. फेकणार नाही म्हणाला.
त्सियाला पातेलं घेऊन निघाली
आणि दाराशी, जिथे तार असायची,
तिथे तिनं पाय उचलला.