तांबड्यात काळी

मधुमावशीचा आवाज खोलीत कुठेच नव्हता.
डाव्या भिंतीत थोडा, उजव्या कपाटामागे थोडा,
आणि डग्ग्याचा घुमार तर
कुणी चाळणीनं गाळून घेतल्यासारखा.
आठ वर्षं मी दोष दिला
कुडचड्याच्या दमट हवेला,
म्हार्दोळच्या त्या जुन्या कॅसेटला,
माझ्या कानांना.

इनास आला. जन्माचा तारवटी,
जहाजावर विजेचं काम केलेला.
अॅम्प्लिफायरमागून वायरी सोडवल्या,
खिशातला पेन्सिल सेल टोकांना टेकवला:
डावा शंकू टुपकन पुढे आला,
उजवा आत गेला,
खाजणातला खेकडा बिळात जावा तसा.

"दोघंही खरंच बोलतात, पात्रांव.
पण हा ढकलतो तेव्हा तो ओढतो.
हवा बिचारी जाग्यावरच."

मी दोन्हीकडच्या वायरी उपटायला निघालो.
त्यानं मनगट धरलं.
"दोन्ही फिरवल्यास तर भांडण तसंच.
एकानंच फिरायचं."

उजव्याचा स्क्रू गंजलेला, हलेना,
म्हणून डावा फिरवला.
"म्हणजे आता दोघंही उलटे?"
"उलटे. पण एकदम उलटे,"
म्हणून त्यानं चहा बशीत ओतला.

मग पेटी. मग डग्गा,
फरशीखालून, पोटात.
आणि मावशी बरोबर मधे येऊन उभी,
जिथं घडी न घातलेल्या कपड्यांची
खुर्ची होती.

सुलक्षानं उठून
खुर्ची बाजूला सरकवली.