हातचं राखून

डुलुथला ऑगस्टातही सरोवरावरून धुकं येतं,
आणि रविवारी दहाच्या सुमारास
आमचा सेंटर फील्डर आधी गुडघ्यापर्यंत
मग टोपीपर्यंत नाहीसा होतो.
चेंडू उंच गेला की सगळे गप्प.
ग्लोव्हात पडल्याचा आवाज आला तर बाद.
नाही आला तर पळा.

नियम दोनच, शेडच्या दारावर खडूने लिहिलेले:
जो येईल तो खेळेल.
धावा मोजल्या जातील.
पहिला व्हर्नाने लिहिला, दुसरा तिच्याच नवऱ्याने,
आणि त्या दोन ओळींच्या मधल्या बोटभर जागेत
आम्ही अकरा उन्हाळे भांडतो आहोत.

यादी माझ्याकडे.
मी पोस्टात आहे, म्हणून लोकांना वाटतं
वाटप मला जमतं.

मागच्या वर्षी चार चांगले गडी
पूल ओलांडून सुपीरियरच्या लीगमध्ये गेले.
तिकडे म्हणे पहिल्या बेसवर उभं राहून
कुणी बदकं मोजत नाही.
त्यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत.
त्याच उन्हाळ्यात एक शाळामास्तर यायचा थांबला,
आणि एक सोळा वर्षांची पोरगी, डावखुरी.
ती दोघं काही बोलली नाहीत.
तिचं नाव काय होतं, हे मलाही
वही उघडून बघावं लागलं.

आता हिल्मा रौटिओ.
एकसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं लोकांचे दात साफ केले.
दोन उन्हाळे तिच्या बॅटीला चेंडू लागलेला नाही,
आणि दोन उन्हाळे प्रत्येक पिचर तिला चेंडू टाकतो तो
वाढदिवसाचा केक
दोन्ही हातांनी आणून ठेवावा तसा.

त्या रविवारी शेवटची इनिंग, एका धावेने मागे,
दोघं बेसवर, दोघं बाद,
आणि यादीत पुढचं नाव तिचं.
गॉर्डी हाल्वर्सन माझ्या कानाशी आला.
(धान्याच्या गोदीवर क्रेन चालवतो,
हरला की बुधवारपर्यंत बायकोशीही बोलत नाही.)
"आजच्या दिवस दुसरं कुणी?"
मी दाराकडे बघितलं. खडू पुसट झाला होता,
पण वाचता येत होता.
खरं सांगायचं तर
मलाही जिंकायचं होतं.

ती गेली. डेसमंडने हसून
केक आणून ठेवला.
तिने बॅट खाली टेकवली.
"हा नको. गॉर्डीला टाकतोस तो टाक."

पोरांच्या खेळात एक असतो कच्चा लिंबू.
पळतो, ओरडतो, घामाघूम होतो,
आणि बाद झाला तरी बाद नसतो.
चार वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं.

डेसमंडने माझ्याकडे बघितलं.
मी वहीत बघितलं.

पहिला तिला दिसलाच नाही.
दुसऱ्याला बॅट फिरली, चेंडू गेल्यावर.
तिसरा कडेला चाटून मागच्या जाळीत गेला
आणि कुणीतरी "अरे!" म्हणालं; बहुधा मीच.
चौथ्याला ती बाद.

हरलो.
गॉर्डी तिच्याकडे चालत गेला तेव्हा
व्हर्ना बाकावरून उठली, मध्ये पडायला.
"उशीर करतेस!" तो ओरडला.
"खांदा कशाला? मनगट! मनगट आधी!"
दोन उन्हाळ्यांत पहिल्यांदाच
तो तिच्यावर ओरडला होता.
तीही ओरडली. त्याच्या दातांबद्दल काहीतरी,
धुक्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

तिच्या नावापुढे आजवर मी
पेन्सिलीने बारीक रेघ ओढायचो.
त्या दिवशी पेन शोधलं आणि लिहिलं: बाद.

पुढच्या रविवारी ती आली नाही.
गॉर्डीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.
त्याच्या पुढच्या रविवारी आली,
उजव्या मनगटाला पट्टी बांधून,
कुणाशी न बोलता रांगेत उभी राहिली,
आणि मान वाकडी करून
माझ्या वहीत आपला नंबर कितवा
ते बघून घेतलं.